एक घर सोडून

धाकट्या बहिणीच्या साक्षगंधात मी सगळ्या पाहुण्यांसमोर फुशारकी मारून बसले. विषय निघाला होता नवरीच्या साडीचा. आम्ही बौद्ध, आमच्यात नवरी पांढरी साडी नेसते. नवरदेवाची आत्या म्हणाली, "पांढरी म्हणजे साधीच दिसते वं." झालं! आमच्या माणसाला कोणी साधं म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी म्हटलं, "साधी काऊन? मी माह्या हातानं क्रोशाची लेस करून लावीन साडीले. पूर्ण काठभर." आई माझ्याकडे बघतच राहिली. कारण क्रोशाची सुई मी जन्मात हातात धरलेली नाही, हे तिला पक्कं माहीत होतं.

सुई मी फक्त पाहिली होती, तीही भिंतीवरून. लग्न होऊन मी नुकतीच भद्रावतीला नवऱ्याच्या क्वार्टरमध्ये आले होते. ब्रह्मपुरीकडच्या धानाच्या बांध्यांतून उठून एकदम एकसारख्या क्वार्टरांच्या लाइनीत. कोपऱ्यावरच्या क्वार्टरात लाइनीतली सगळ्यात जुनी बाई राहायची. थंडीच्या दिवसांत दुपारी तिच्या ओट्यावर बायका ऊन खात क्रोशा करत बसायच्या. रेडिओवरचे रुमाल, ताटावरचे रुमाल, दारावरची तोरणं, काय वाटेल ते. कोणी नवा नमुना केला की तो लाइनीत फिरायचा. या घरून त्या घरी जायचा, आणि येताना चार घरी तसेच रुमाल झालेले असायचे. माझं अंगण त्या ओट्याला लागून. मधे छातीएवढी भिंत. कपडे वाळत घालता घालता मी रोज बघायची. नमुना काही माझ्या दारी आला नाही.

गेले का नाही ओट्यावर, असं कोणी विचारेल. बोलावल्याशिवाय मी जात नसते. आमच्या गावात कोणाकडे लग्न झालं की बुंदीचे पुडे वाटत माणसं फिरायची. आमच्या दाराशी आली की त्यांची पावलं भराभर पडायची. आई आत येऊन म्हणायची, "सोडलं आपलं घर." बस, एवढंच. रडणं नाही, शिव्या नाहीत. त्या तीन शब्दांचा मला लहानपणापासून असा राग की विचारू नका.

तर मी ठरवलं, भिंतीवरूनच शिकायचं. नवऱ्याला चंद्रपूरच्या गोल बाजारात पाठवलं. भला माणूस स्वेटरच्या दोन लांब सुया घेऊन आला. "अहो, क्रोशाची! टोकाले आकडा असते, मासोळीच्या गळासारखा!" पुन्हा पाठवलं, तेव्हा कुठे बरोबर सुई आणि पांढऱ्या दोऱ्याचे गुंडे आले. पण आमच्याकडे कोळशाच्या खाणी जवळ. सकाळी पुसलेली खिडकी दुपारी काळी. पांढरा दोरा दोन दिवसांत राखेच्या रंगाचा झाला. मग पाहिलं, त्या ओट्यावर प्रत्येकीजवळ वनस्पती तुपाचा रिकामा डबा असतो, झाकणाला भोक, गुंडा आत आणि दोरा भोकातून बाहेर. तेवढं मी लगेच उचललं. साखळी घालायलाही बघून बघून जमलं. पण त्या साखळीची लेस कशी होते ते काही भिंतीवरून दिसेना.

म्हणून एका दुपारी भिंतीला पाठ लावून, कान देऊन बसले. पलीकडून कोपऱ्यावरच्या बाईचा आवाज आला.

"ते घर सोड."

मी ताठ झाले.

"सोड म्हणलं ना! त्या घरात जायचंच नाई. पुढच्या घरात जा."

दुसरी कोणीतरी काहीतरी पुटपुटली. तशी बाई पुन्हा खणखणीत, "हर वेळेस सांगावं लागते काय तुले? ते घर सोडायचंच असते!"

अरे बाप्पा! इतक्या उघड? दिवसाढवळ्या, माझ्या भिंतीला लागून? मी उठले, पदर खोचला आणि तशीच अनवाणी वळसा घालून ओट्यासमोर जाऊन उभी राहिले. "काऊन सोडता आमचं घर? काय केलं आम्ही? तुमचा नमुना काय सोन्याचा हाय? मले नाई पायजे तुमचा नमुना! पण तोंडावर सांगा, भिंतीआडून काय सांगता!"

सगळ्या सुया थांबल्या. बायका माझ्याकडे बघतायत, एकमेकींकडे बघतायत. मग सगळ्यात तरुण होती ती फिसकन हसली. हातातली अर्धी लेस वर धरून म्हणाली, "हे घर वं बाई, हे!" आणि सुईच्या टोकानं दाखवलं. खालच्या ओळीतल्या प्रत्येक टाक्याला त्या घर म्हणत होत्या. दोन साखळ्या घालायच्या, दोन घरं सोडायची, तिसऱ्या घरात खांब, म्हणजे उभा टाका, घालायचा. तेव्हा जाळी होते.

काय हसल्या त्या! मीही हसले, दुसरं करते काय. कानशिलं तापली होती, अनवाणी पाय मातीनं भरले होते. पण कोपऱ्यावरची बाई हसली नाही. तिनं आपला डबा बाजूला सरकवला आणि जागा केली.

"बस," ती म्हणाली. "तिचं काई चुकलं नाई. घर तर सोडलंच होतं आपण."

मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचाच राग आला. मी बसले. बाईनं माझी सुई हातात घेतली, बोट कसं वाकवायचं ते दाखवलं, आणि मला वाटलं, चला, सुटलं सगळं.

इतक्या लवकर थोडंच सुटतं! माझ्या बोटांनी नवाच हट्ट धरला. घर सोडायचं म्हटलं की सुई पुढे जाईचना. मी साखळ्या घालायची आणि खांब घालायची ते प्रत्येक घरात. दोनचार ओळींत ती लेस कोंबड्याच्या तुऱ्यासारखी वळवळायला लागली. बाईनं ती उंच धरली आणि म्हणाली, "हे तुह्या बहिणीच्या साडीले लावशीन तर नवरी बांग देईन." मी म्हटलं, "मी एकबी घर सोडत नसतो." ती म्हणाली, "दोऱ्याचं सोड वं, दोऱ्याले राग येत नाई." उसवलं. पुन्हा घातलं. पुन्हा उसवलं.

हळूहळू बोटं शहाणी झाली. माझ्या घरी येणं-जाणं सुरू झालं. बायका यायच्या, चटईवर बसायच्या, गप्पा मारायच्या. आणि मी चहाचं आधण ठेवायला उठले की एकजात सगळ्या म्हणायच्या, "राहू दे, आताच झाला." सगळ्या लाइनीचा चहा माझ्या दारात पाऊल टाकायच्या आधी बरोबर झालेला असायचा! कोपऱ्यावरच्या बाईचासुद्धा. तिनं मला ओट्यावर बसवलं, बोटं धरून शिकवलं, पण माझ्या कपाला तिचा हात लागला नाही. मीही हट्टी. रोज विचारायची. रोज तिचा आताच झालेला असायचा.

लग्न जवळ आलं तशी माझी घाबरगुंडी उडाली. काठ कसला लांबलचक, आणि माझी लेस अजून वीतभर पुढे सरकायला आठवडा घेत होती. रिकाम्या साडीत बहीण उभी राहिली असती आणि आत्याबाईंना बोलायला मिळालं असतं. कोपऱ्यावरच्या बाईनं एका दुपारी काही न विचारता माझा नमुना उचलला आणि म्हणाली, "हा लाइनीत फिरीन. प्रत्येकीनं एक एक तुकडा करायचा." आणि माझा नमुना, माझ्या हातचा, घराघरांतून फिरला. तुकडे आले तेव्हा जोडताना हसून हसून पोट दुखलं. एकीचा हात इतका घट्ट की तुकडा उभा राहील, एकीचा इतका सैल की त्यातून चिमणी जाईल. तरुण होती तिनं एका जागी खांब विसरला होता. इस्त्री करून, ओढून ताणून मी तो काठ साडीला शिवला. आजही ती साडी काढली तर कुठला तुकडा कोणाचा ते मी डोळे मिटून बोटानं सांगेन.

लग्नाला या, असं मी सगळ्यांना सांगितलं. येतील असं वाटलं नव्हतं. पण कोपऱ्यावरची बाई आणि ती तरुण, दोघी एसटीचे धक्के खात आमच्या गावी आल्या. वंदना झाली, बहीण मांडवात उभी राहिली, आणि आत्याबाई स्वतः वाकून काठाला हात लावून बघायला लागल्या. "बाजारातून आणली काय?" मी म्हटलं, "नाई. आमच्या लाइनीतून." माझी छाती कशी फुगली होती म्हणून सांगू!

मग पंगत बसली. पळसाच्या पत्रावळी, भात, वरण, वांग्याची भाजी, बुंदी. कोपऱ्यावरची बाई आणि ती तरुण ओळीत बसल्या. आईला मी कॉलनीतल्या बाया कोण-कुठल्या ते सांगितलं होतं. तिनं आपल्या हिशेबानं शहाणपण केलं होतं. असे पाहुणे आपल्या घरचं शिजवलेलं खात नाहीत, त्यांना अवघडल्यासारखं होऊ नये, म्हणून त्या दोघींच्या पत्रावळीवर तिनं आधीच केळी आणि साखर ठेवून दिली होती. आता भाताची बादली घेऊन ती ओळीतून येत होती. वाढत वाढत त्यांच्यापाशी आली, मान खाली घातली, आणि भराभर पावलं टाकत पुढच्या पत्रावळीकडे गेली.

मी मांडवाच्या खांबाला धरून उभी होते.

कोपऱ्यावरच्या बाईनं केळी उचलून बाजूला ठेवली. पत्रावळ हातानं पुसली. आणि ओट्यावरचा तोच खणखणीत आवाज सगळ्या मांडवात गेला.

"काऊन वं बाई? माहं घर सोडलं काय?"

तरुण होती ती फिसकन हसली. मला हसू आणि रडू एकदमच आलं. आईला त्यातलं क्रोशाचं काही कळलं नाही. तिला फक्त ते शब्द कळले. ती बादली घेऊन मागे वळली, बाईसमोर बसलीच खाली, आणि वाढायला लागली. एक डाव भात, दोन डाव. बाई "पुरे, पुरे" म्हणत हात आडवा करत होती आणि आई वाढतच होती.

तेवढा भात दोघींना मिळूनही संपला नसता. कोपऱ्यावरच्या बाईनं एकटीनं संपवला.