ओल्या हातांचा आरोप

पुढारिणीच्या नाकावर राग कायमचा मुक्कामाला आहे, असं कारखान्यातल्या पॅकिंगच्या बायका म्हणायच्या. पण तिच्या तोंडामुळेच आठ तास उभ्या राहणाऱ्या त्या चाळीस जणींना दुपारची दहा मिनिटं सुट्टी मिळाली होती, म्हणून तिच्या वाटेला कुणी जात नसे.

दहा मिनिटांत कसलं जेवण होतंय? शक्कलही तिनेच काढली. दर रविवारी घरी ती आणि तिची धाकटी जाऊ गोळे वळायच्या. बिया काढलेला खजूर, भाजके शेंगदाणे, ओट्स, तीळ. गॅस पेटवायचंच काम नाही. मिक्सरमधून काढायचं, मळायचं, वळायचं. एप्रनच्या खिशात मावेल एवढा गोळा. दोन खाल्ले की संध्याकाळपर्यंत पाय लटपटत नसत.

जाऊही पॅकिंगलाच होती. बोलायची कमी, तिच्या वाटचंही पुढारीणच बोलून घ्यायची.

एका बुधवारी कपडे बदलायच्या खोलीत डबा उघडला, तर गोळ्यांवर पांढरी बुरशी. आदल्या दिवशी खाल्लेल्या दोघी पोट धरून बसलेल्या. पुढारिणीला आठवलं, वळताना जाऊचे तळवे चकाकत होते. झालं. सगळ्यांदेखत तिने जाऊला फैलावर घेतलं.

"चिकटू नये म्हणून पाण्याचा हात लावलास ना? अगं, बायकांच्या पोटाशी खेळतेस?"

पाणी नव्हतं, तेलाचा थेंब होता, एवढंच जाऊ म्हणाली. पुढारीण हसली. ती हसली म्हणून बाकीच्याही हसल्या.

पुढच्या रविवारी जाऊ वळायला बसली नाही. पुढारिणीने एकटीने, कोरड्या हातांनी गोळे वळले. बुधवारी सकाळी घरीच झाकण काढलं, तर तीच बुरशी. या दोन्ही रविवारचा खजूर नेहमीसारखा पाकिटातला नव्हता, सुटा होता, धुळीने माखलेला. तिनेच तो धुतला होता, फडक्याने पुसला होता आणि वाळायची वाट न बघता मिक्सरमध्ये ढकलला होता. दोन्ही वेळा.

डबा तिने गुपचूप कचऱ्यात रिकामा केला. जाऊ शेजारच्याच टेबलाला उभी असायची, खाली मान घालून खोकी चिकटवायची. उद्या सांगू, म्हणता म्हणता तीन आठवडे गेले. साहेबासमोर तलवारीसारखी चालणारी जीभ 'चुकलं' म्हणायला उचलेना. महिनाअखेरीला जाऊने काम सोडलं, नवऱ्याला घेऊन वेगळी खोली केली. त्या दिरानेही पुढारिणीकडे येणं तोडलं.

आठ महिन्यांनी पुढारीण जाऊच्या इस्त्रीच्या दुकानात गेली. उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. जाऊने हातातल्या शर्टाची कॉलर आधी पुरी केली.

"खजूर ओला होता, ते मला तेव्हाच कळलं होतं, जाऊबाई."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तरी तुम्ही ऐकलं असतंत?" तिने इस्त्री उभी करून ठेवली. "आणि इथे माझ्या कानात काय सांगता? माझी शोभा चाळीस जणींत केलीत. तिथे सांगा."

तिने चहा विचारला नाही. पुढारीणही थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी सुट्टीत ती बाकावर चढून उभी राहिली. आता कसली मागणी, म्हणून सगळ्या जमल्या. चूक आपली होती, जाऊच्या हातांना पाणी नव्हतंच, आणि हे कळूनही आपण गप्प बसलो, असं तिने आवाज न चढवता सांगितलं. समोर बघितलं, तर त्या बुरशीच्या दिवशीचे चेहरे जेमतेम नऊ. मधल्या काळात ठेकेदार बदलला होता; त्या दिवशी हसलेल्या बाकीच्या कुठल्या कुठे पांगल्या होत्या.

"पण ताई, कोण ही जाऊ?" नव्यांतल्या एकीने विचारलं. दुसरीला, खजूर किती वेळ वाळवायचा, ते हवं होतं.

जुन्या नऊ जणींतली एकही वर बघेना. पुढारीण बाकावरून उतरली आणि त्या नव्या मुलीजवळ बसून जाऊबद्दल सांगू लागली. घंटा झाली तेव्हा तिचं सांगणं अर्ध्यावरही आलं नव्हतं.