राँग साइडचा गुलाब

डायवरकाका पायी चालतानाही वळायच्या आधी हात दाखवायचे. ग्रामपंचायतीपुढच्या गल्लीत मागेपुढे कुत्रंही नसलं तरी त्यांचा उजवा हात सरळ बाहेर यायचा, मान मागे वळायची आणि मगच काका स्वतःच्या फाटकात शिरायचे. गावातली पोरं त्यांची नक्कल करत. काकांना त्याचा राग येत नसे. नक्कल करताना तरी हात बाहेर काढतात ना, म्हणायचे.

आमचं गाव पवनार आणि सेलूच्या मधे, मोठ्या रस्त्याला लागून आहे. काकांनी सारी नोकरी एसटीची गाडी चालवली आणि निवृत्त झाल्यावर एक उंच काळी सायकल घेतली. तिला दोन्ही चाकांना ब्रेक, घंटी, हँडलला बत्ती, मागे लाल रिफ्लेक्टर आणि मागच्या मडगार्डवर पांढरा पट्टा. पट्टा जरा मळला की डबा-ब्रश घेऊन अंगणात बसायचे. मी शेजारीण, सेलूच्या शाळेत शिकवते. एकदा मी हसले तर म्हणाले, "बाई, स्टेरिंगवर बसणाऱ्याले अंधारात सायकल दिसत नाई. पट्टा दिसते. पट्टा दिसला का मंग त्याले समजते, इथं माणूस हाय."

दसऱ्याला तर त्यांचा आणि गावाचा ठरलेला वाद. त्या दिवशी सगळे गाड्या धुतात, झेंडूचे हार घालतात, आणि हार नेमका बत्तीवरून आणि रिफ्लेक्टरवरून असा गच्च बांधतात की वाळून काळा पडेपर्यंत महिनाभर तो तिथेच. काकांना दीक्षाभूमीला जायची घाई असायची, पण नागपूरची गाडी धरण्याआधी ते गल्लीत फिरून एकेक हार बाजूला सरकवत. पूजेच्या हाराला हात लावला म्हणून बायका चिडायच्या. काका म्हणायचे, "पूजा करून राह्यले का गाडीचे डोळे बांधून राह्यले?" आणि पुढच्या सायकलीकडे वळायचे. संध्याकाळपर्यंत हार पुन्हा जागच्या जागी.

माझ्या मुलीला, प्रज्ञाला, शाळेतून सायकल मिळाली तेव्हा मीही वैतागले होते. घंटी वाजत नाही, ब्रेकचं रबर रिमला टेकत नाही, रिफ्लेक्टर कुठाय, अशी तक्रार रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावर यायची. मैत्रिणीला डबलसीट घेतलं म्हणून त्यांनी दोघींना भर रस्त्यात उतरवलं. चालत्या ट्रॅक्टरची ट्रॉली धरून चढावर आली म्हणून एकदा इतके रागावले की प्रज्ञा रात्री जेवली नाही. मी म्हटलं, काका, सायकल आहे ती, एसटी नाही. ते म्हणाले, एसटीला पत्रा तरी असतो. दुसऱ्या दिवशी सेलूहून रिफ्लेक्टर आणला.

मग रस्ता मोठा झाला. मधे दुभाजक आला, त्यात कण्हेर लावली, आणि आमच्या फाट्यासमोरची वळायची जागा बंद झाली. सेलूला जाताना काही अडचण नाही, गावातून निघा आणि डाव्या हाताने सरळ जा. येताना मात्र डाव्या हाताने आलात की गाव दुभाजकापलीकडे दिसतं आणि मिळत नाही. तसंच पुढे पवनारच्या बाजूला पेट्रोल पंपापर्यंत जायचं, तिथे वळायचं आणि तेवढंच मागे यायचं. हे कोण करणार? सारं गाव सेलूहूनच राँग साइडला लागून, समोरून येणाऱ्या ट्रकांच्या अंगावर जात घरी येऊ लागलं. दूधवाले, मजूर, शाळेच्या पोरी, सगळे. पंपापर्यंत जाऊन परत येणारे एकटे डायवरकाका.

त्यांनी अर्ज दिले. मीच लिहून द्यायचे. फाट्यासमोर वळण उघडा, निदान सायकल जाईल एवढी फट ठेवा. रस्त्याच्या ऑफिसातले साहेब चहा पाजायचे आणि सांगायचे की वळण किती ठेवायचं ते वाहनांच्या संख्येवर ठरतं. काकांनी विचारलं, त्यात सायकली धरल्या का? धरल्या नव्हत्या. पुष्कळ खेटे घातल्यावर एके दिवशी ऑफिसची गाडी खरोखर आली. आम्ही सगळे धावत फाट्यावर गेलो. माणसांनी एक खांब रोवला, पाटी लावली आणि निघून गेले. पाटीवर लिहिलं होतं, 'विरुद्ध दिशेने वाहन चालवू नका.' काकांनी खांब हलवून पाहिला, पक्का रोवला होता.

त्या हिवाळ्यात प्रज्ञाच्या वर्गाचे दहावीचे जादा तास सुरू झाले. तास सुटेस्तोवर अंधार पडायचा. मी आणि काकांनी पोरींना पंपावरून यायला सांगून पाहिलं, रागावून पाहिलं. पण पेट्रोल पंपापुढचा रस्ता सामसूम, तिथे टवाळ पोरं बसलेली, आणि पोरींच्या आया म्हणायच्या की तिकडून येण्यापेक्षा राँग साइड बरी. आई म्हणून मलाही तेच वाटत होतं, हे काकांना सांगायची मला चोरी झाली होती. एका संध्याकाळी एकाच दिव्याचा ट्रक मोटारसायकल समजून पोरींनी जागा दिली नाही. सगळ्यात पुढची पोरगी सायकलीसकट नाल्यात गेली. हात खरचटला, एवढ्यावर निभावलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटली तेव्हा काका सेलूला फाटकाबाहेर सायकल घेऊन उभे. बत्ती हँडलवर समोर बांधलेली, कॅरियरवर दुसरी. पोरींना एकामागे एक लावलं, स्वतः पुढे झाले आणि राँग साइडला शिरले. मी ओट्यावर होते. घरी आले ते खाली बघतच म्हणाले, "राँग साइडनं आलो बाई आज. पोरी माह्यं आयकत नाई, साहेब आयकत नाई. ट्रकवाला तं बत्ती पाह्यन." मग रोजचंच झालं. रोज घरी आल्यावर ते सायकल पुसायचे.

जानेवारीत रस्ता सुरक्षा सप्ताह आला. वाहतुकीच्या शिपायांनी सेलूबाहेर पोरींच्या रांगेसकट काकांना अडवलं. त्या वर्षी दंडाऐवजी गुलाब द्यायचं ठरलं होतं. काका बंद वळणाचं सांगू लागले, तर शिपाई म्हणाला, काका, तुमच्या वयाच्या माणसानं असं केलं तर ह्या मुली काय शिकणार? हातात गुलाब दिला, फोटो काढला. फोटो रात्रीपर्यंत गावाच्या ग्रुपवर आला. सायकल, काका, शेजारी वर्दीतले दोन शिपाई, हातात फूल. आमच्या गावात फूल दिलेलं म्हणजे सत्कार. अभिनंदनांची रीघ लागली. सकाळी सरपंच शाल आणि नारळ घेऊन काकांच्या दारात हजर. मी समजावून सांगायला गेले की हा सत्कार नाही, चूक केल्याबद्दल दिलेलं फूल आहे. तर सरपंच म्हणाले, मॅडम, मोठ्या माणसाचं कौतुक होऊन राह्यलं तं तुमाले काऊन बघवत नाई?

लोक गेल्यावर काकांनी शाल घडी करून खुर्चीवर ठेवली. "साऱ्या नौकरीत एक चालान नाई झालं," ते म्हणाले. "अन् आता राँग साइडसाठी शाल भेटली." त्या संध्याकाळी त्यांनी बत्ती बांधली आणि पुन्हा पोरींना आणायला गेले. परीक्षा होईपर्यंत एक दिवस चुकला नाही.

मे महिन्यात दुपारी झोपेतच काका गेले. गावाने जीव टाकून सगळं केलं आणि फाट्यावर श्रद्धांजलीचा मोठा फ्लेक्स लावला. फोटो तोच, गुलाबाचा. दोन शिपाई कापून टाकले होते, फूल ठेवलं होतं. फ्लेक्स बांधला होता त्या पाटीच्या खांबाला. पाटी तर झाकलीच, पण गावातून निघताना येणारा ट्रकही दिसेना. मी ग्रुपवर लिहिलं, लोकांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. शेवटी विळा घेऊन गेले आणि मीच दोऱ्या कापल्या. काकांच्या फोटोची विटंबना केली म्हणून सरपंच आजही माझ्याशी बोलत नाहीत. तो फ्लेक्स गुंडाळून माझ्या माळ्यावर आहे.

वळण अजून बंदच आहे. प्रज्ञा आता अकरावीला जाते, धाकट्या पोरींना मागे लावून घेऊन येते. काकांची बत्ती तिच्या हँडलला आहे. संध्याकाळी मी फाट्यावर उभी राहते. राँग साइडने येणारी ती बत्ती दिसली की जीव भांड्यात पडतो, आणि लगेच इतका राग येतो की पोरीशी धड बोलताही येत नाही. ती मात्र मला बघून वेग कमी करते, आणि गावात वळायच्या आधी हात दाखवते.