झाकण न उघडलेला डबा

आमच्या घरात कुणी एकट्यानं काही खात नाही. गुळाचा खडा आणला तरी तो सगळ्यांच्या हातावर थोडा थोडा पडतो. त्यामुळं दवाखान्यातून निघताना डॉक्टरीणबाईंनी माझ्या एकटीसाठी पावडरीचा डबा आणि गोळ्या दिल्या, तेव्हा मला लाजच वाटली.

"रोज दोन वेळा दुधातून घे. पाजणाऱ्या आईचं अंग भरायला पाहिजे," त्या म्हणाल्या. मी मान हलवली. तिथं मी सगळ्यालाच मान हलवत होते.

लेक आठवा महिना लागताच झाली होती. परभणीच्या दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. मी दूध पिळून वाटीत द्यायचे आणि काचेबाहेर बसून राहायचे. माझ्या बोटाएवढं तर तिचं मनगट होतं.

घरी आल्यावर गोळ्या मी पदराआड घेऊ लागले. डबा मात्र कपड्यांच्या पेटीत तळाशी ठेवला. सासरे आणि दीर मेंढरं सोडण्याआधी अंगणात कोरा चहा पीत बसायचे. त्यांच्यासमोर मी दुधाचा पेला कसा तोंडाला लावणार? शिवाय मला वाटायचं, मी धडधाकट आहे, लेक खायला लागली की ही पावडर तिलाच होईल.

बुधवारी आरोग्य केंद्राच्या आशाताई वजनाचा काटा घेऊन आल्या. लेकीला झोळीत ठेवून त्यांनी काटा उचलला, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"वाढच न्हाई. पुढल्या बुधवारी बी असंच राहिलं तर परत परभणीला न्यावं लागंल. पावडर घेतीस न्हवं?"

मी मान हलवली. हो म्हणून.

त्या गेल्यावर सासूबाई झबलं काढायला पेटीकडं गेल्या आणि डबा हातात घेऊनच बाहेर आल्या. झाकणाखालचा कागदसुद्धा फाटलेला नव्हता.

"हे काय गं?"

"तिच्यासाठी ठेवलंय, आत्याबाई. मोठी झाल्यावर..."

"मोठी कशानं व्हईल?" त्या माझ्यापुढं बसल्या. "मेंढी येली की भरडा कुणापुढं ठिवताव आपुन? मेंढीपुढं का कोकरापुढं?"

"मेंढीपुढं."

"ती लाजती का खायाला?"

मला रडू आलं, आणि मधेच हसूही. सासूबाईंनी शेळीचं दूध तापवलं, पावडर कालवली आणि पेला अंगणात सगळ्यांसमोर माझ्या हातात दिला. "पी. हितंच."

दीर म्हणाले, "वहिनी, आमाला बी ठिवा की घोटभर."

"तुला लेकरू झालं की देते डबाभर," सासूबाई म्हणाल्या. सासरेसुद्धा तोंड फिरवून हसले. मी पेला रिकामा केला.

तो आठवडा मी दोन्ही वेळ पेला घेतला. भाकरीवर भाकर सासूबाई वाढत राहिल्या. लेक झोपली तरी उठवून पाजायचं, बाकी वेळ दवाखान्यात शिकवलं तसं उघडी करून छातीशी बांधायची. तिच्या अंगाची ऊब लागली की मला बुधवार आठवायचा.

बुधवारी आशाताईंनी काटा उचलला. एकदा बघितलं. खाली ठेवून परत उचलला.

"परभणीला न्यायचं का?" मीच विचारलं. त्यांच्याशी आपणहून बोललेलं ते माझं पहिलं वाक्य.

"कशाला? वाढलंय की चांगलं!"

लेकीला झोळीतून उचलून घेतलं आणि मी होते तिथंच खाली बसले.

"पावडरीनंच का?" सासूबाईंनी विचारलं.

"एकट्या पावडरीनं न्हाई, मावशी. आई जेवली, येळच्या येळी पाजलं, उराशी धरलं. समदं मिळून."

नेमकं कशानं झालं ते मला आजही सांगता येणार नाही. पण माझ्याशी कधी थेट न बोलणारे सासरे मेंढरांमागं निघाले, ते दारात थांबले आणि सासूबाईंकडं बघत म्हणाले, "डबा सरत आला की सांगा. डाक्टरीणबाईला इचारून दुसरा आणतो."

मी आत जाऊन पेला भरून घेतला आणि उंबऱ्यावर बसून प्यायले.