ब्रेकर आला की बाबा उतरायचे

मुलगी पाहायला कोणत्या गाडीतून जायचं, यावरून आमच्या घरी सकाळीच वाजलं. मामा म्हणाला, "शेजारची जीप घेऊ ना. तुह्या गाडीत बसलं की माणूस जमिनीले टेकते." माझं डोकंच फिरलं. एवढी जीव लावून उभी केलेली गाडी घरी ठेवायची आणि मागून आणलेल्या जीपमधून मी होणाऱ्या सासऱ्याच्या दारात उतरायचं? बाबा म्हणाले, जाऊ दे, त्याच्या मनासारखं होऊ दे.

गाडी तशी जुनीच. नागपूरच्या एकाने हौसेने घेतलेली टर्बो सेडान, त्याची हौस फिटल्यावर माझ्याकडे आली आणि माझी सुरू झाली. इंजिनचं ट्यूनिंग बदललं. सायलेन्सर असा बसवला, की भंडाऱ्याजवळच्या शहापूरच्या हायवेवर पाय दाबून सोडला की मागे फटाके वाजायचे. रुंद चाकं घातली, आखूड स्प्रिंगा टाकून गाडी चांगली खाली बसवली. काय दिसायची ती. आमच्या कृषी केंद्रात आलेली माणसं खत विसरून तिच्याभोवती फिरायची आणि मी गल्ल्यावर बसून फुगायचो. माणसं भरली की मात्र ब्रेकरवर पोट घासायचं, आणि पोटाखाली ऑइलचा चेंबर. तो फुटला तर इंजिन गेलं. म्हणून घरात रीतच पडली होती. ब्रेकर आला की सगळे उतरणार, मी रिकामी गाडी तिरपी घालून अलगद काढणार आणि ते चालत येऊन पुन्हा बसणार.

मुलगी आंधळगावच्या पुढच्या एका गावची, भंडाऱ्याला लॅबमध्ये नोकरी करणारी. मध्यस्थाने नंबर दिल्यापासून आम्ही फोनवर बोलत होतो. माझ्या गाडीच्या गप्पा ती ऐकून घ्यायची आणि मध्येच असं काही बोलायची की मला माझंच हसू यायचं. आधीच्या सोयरिकी फिसकटल्या तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. ही जमावी असं मनापासून वाटत होतं.

वरठीपर्यंत ठीक गेलं. पुढे प्रत्येक गावाने शाळेपुढे, देवळापुढे आपल्या हाताने सिमेंटचा ब्रेकर घातलेला, आणि घातला तो काय, तळ्याची पाळ बांधल्यासारखा. आई, बाबा, मामा उतरत होते, चालत होते, बसत होते. "लगन तुहं, अना पायी आमी चालून राहिलो," मामा म्हणाला. आई हसली, मीही हसलो. बाबा गुडघा धरून त्या खोल सीटमध्ये बसले आणि म्हणाले, "चाल, उशीर होते."

तिच्या घराच्या अलीकडेच शेवटचा ब्रेकर होता. तिचे वडील आणि काका पाहुण्यांना पाय धुवायला पाणी घेऊन दारात उभे होते. त्यांच्या डोळ्यांदेखत बाबांनी दार उघडलं, एक हात छताला लावून स्वतःला कसंबसं बाहेर ओढलं आणि इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांनी धुळीतून चालू लागले. मागे आई, तिच्यामागे मामा. मी मात्र आत बसून गाडी तिरपी करत होतो. सायलेन्सर फाडफाड वाजला आणि अंगणातल्या कोंबड्या उधळल्या. तिच्या काकांनी विचारलं, "गाडी बिघडली का?"

"नाही जी," बाबा म्हणाले, "मलेच जरा पाय मोकळे कराचे होते."

माझ्यासाठी बाबा लोकांच्या दारात खोटं बोलले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पोह्यांनंतर आम्हा दोघांना बोलायला मागच्या अंगणात पाठवलं. ती शांतपणे म्हणाली, "माझ्या आईचे गुडघे गेले आहेत. ती तुमच्या गाडीत बसली, तर तिलेही उतरा म्हणाल?"

"मी कोणालेच उतरा म्हटलं नाही."

"तेच तर म्हणून राहिली मी. तुम्हाले म्हणावंही लागलं नाही."

नकार मध्यस्थाकडून कळवू, असं तिने तिथेच सांगितलं. रागाने नाही, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटली. कोणत्या तोंडाने मन वळवायचं?

परत निघालो. ब्रेकर दिसला तसा मी म्हणालो, "बसून राहा, बाबा. घासू द्या. फुटला चेंबर तर फुटला."

"काहून फोडतं बाबू," बाबा म्हणाले. त्यांचा एक पाय तोवर बाहेर पडला होता.