लाल पाटी आणि जावईबापूंची फ्लॉपी

दीपनगर कॉलनीत आवई होती की शालिग्रामनानांना कॉम्प्युटरचा व्हायरस स्वतःला लागेल अशी भीती वाटते, म्हणून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दारातच साबणानं हात धुवायला लावतात. पोस्टमन शिंकला तेव्हा नानांनी पत्र चिमट्यात धरलं, असंही पुढं निघालं.

साफ खोटं. चिमटा तर त्या गोष्टीला मीच जोडला होता. हात धुवायला नाना लावायचे, पण ते राखेमुळे. वीज केंद्राच्या चिमणीची राख आमच्याकडे वाळत घातलेल्या पापडांवर बसते, ती कीबोर्डात बसायला काय तिला आमंत्रण लागतं? व्हायरस हातानं येत नाही, फ्लॉपीतून येतो, हे आख्ख्या कॉलनीत सगळ्यात आधी कळलं ते नानांनाच.

आम्ही शेजारी. मी अकरावीतली, आणि नानांचा आवाज मला इतका जमतो की एकदा मी त्यांच्या ओट्यावरून "हं, चहा!" म्हटलं, तर बेबाकाकूंनी आतून "आनते" म्हणून आधण ठेवलं. नाना मला 'रेडिओ' म्हणतात.

नाना केंद्रात कंट्रोल रूमचे ऑपरेटर. तिथला नियम कडक. यंत्रावर माणूस काम करत असेल तर आधी लेखी परमिट, मग बटणावर लाल पाटी. पाटी लटकत असली की साक्षात चीफ इंजिनिअरनंसुद्धा बटणाला बोट लावायचं नाही. नानांनी एकदा एका साहेबाचा हात हवेतच धरला होता म्हणे. हाच नियम त्यांनी घरी आणला. कॉम्प्युटरच्या फ्लॉपीच्या फटीवर सुतळीनं लाल पाटी बांधली, शेजारी रजिस्टर ठेवलं. कोणी फ्लॉपी घेऊन आलं की सुरू:

"हं, थांबा! हं, कोणाची? हं, आधी कोणत्या मशीनमधी घातली होती?"

मग तपासणीचा प्रोग्राम दोनदा फिरायचा. मगच पाटी सुटायची. स्वतःची फ्लॉपी मात्र त्यांनी एकही ठेवली नव्हती. "बाहेर जाईल ती येताना काय घेऊन येईल, सांगता येतं का?"

एवढं जपायचं काय होतं? आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची गाणी. बेबाकाकूंचं माहेर रावेरकडचं. तिथल्या लेकीबाळी आखाजीला झोक्यावर बसून जी गाणी म्हणायच्या, ती बठ्ठी, सगळीच्या सगळी, काकूंना पाठ, पण फक्त झोक्यावर. झोका थांबला की गाणंही थांबायचं. आधी नानांनी ती वहीत उतरवली होती. ती वही वाळवीनं खाल्ली. म्हणून कॉम्प्युटर. "ह्याले वाळवी लागत नही," नाना म्हणायचे. मग दोन वर्षं रोज दुपारी हॉलमधला झोपाळा कुरकुरायचा, काकू म्हणायच्या, "झोका गेला आढ्यापाशी, तठून दिसे माझं गाव," आणि नाना एका बोटानं टाइप करत ओरडायचे, "हं, हळू! आढ्यापाशीच आहे मी अजून!" चौऱ्याऐंशी गाणी झाली होती.

यंदा आखाजीला कुंदाताई माहेरी आल्या, सोबत धुळ्याहून जावई लीलाधरराव. पुरणपोळी झाली, आमरस झाला, आणि लीलाधररावांनी खिशातून फ्लॉपी काढली. "मामा, मोटारींचा गेम आणलाय. बघा तर!"

नाना उठले. "हं..." एवढंच. जावयाची फ्लॉपी तपासायची म्हणजे जेवायला बसलेल्या जावयाचा खिसा तपासण्यासारखंच. काकूंनी दारातून डोळे मोठे केले. लीलाधरराव हसत म्हणाले, "ही पाटी कसली? सेल लागलाय का?" आणि त्यांनी स्वतःच सुतळी सोडली. साहेबाचा हात हवेत धरणारे नाना दोन्ही हात पाठीशी बांधून उभे राहिले. त्या दिवशी रजिस्टरात त्यांनी एक ओळ कोरी सोडली.

आठ दिवसांनी, सव्वीस एप्रिलला, बटण दाबलं तर पडदा काळा. नानांनी पुन्हा दाबलं. मग खुर्चीत बसून दाबलं. जळगावहून पितांबर मेकॅनिक आला, खोकं उघडून म्हणाला, "आतलं सगळं पुसलं गेलंय हो. आजची तारीख बघूनच उठणारा व्हायरस होता. बाहेरची फ्लॉपी कोणाची घातली होती?"

"कोणाचीच नाही," नाना म्हणाले.

"सांगत का नाही?" मी नंतर विचारलं.

"काय सांगू, रेडिओ? बातमी धुळ्याले जाईल. तठी कुंदाले ऐकावं लागेल."

महिन्यानं मशीन नीट होऊन आलं, आतून कोरं; चौऱ्याऐंशी गाणी गेलीच. पण तोवर काकूंना भोवळ यायला लागली होती आणि डॉक्टरांनी झोका बंद केला होता. काकू खुर्चीत बसून डोळे मिटायच्या, पहिली ओळ यायची, दुसरीशी अडायचं. नाना मागं उभं राहून खुर्ची हलकेच डोलवायचे. "अहो, पाडान मले," काकू म्हणायच्या. मी म्हटलं, वहीत उतरवते. तर नाना म्हणाले, "वहीचं नाव काढू नको." दिवाळीपर्यंत कशीबशी एकोणीस गाणी झाली.

दिवाळीला लीलाधरराव पुन्हा येणार होते. मी म्हटलं, "नाना, यंदा तरी तुम्ही परमिट मागणारच."

"नाही मागणार."

"मागाल. पैज!"

"लाव. मी जिंकणार." असं रडवेल्या तोंडानं पैज लावणारा माणूस मी पाहिला नव्हता. ठरलं असं: मी जिंकले तर डिसेंबरात नानांच्या निवृत्तीच्या निरोप समारंभात साहेबांसमोर नानांची नक्कल करणार. हरले तर त्यांची नक्कल कायमची बंद.

पाडव्याला लीलाधरराव आले. आधीची हकिगत त्यांच्या कानावर नुसती 'मशीन बिघडलं' एवढीच गेली होती. सोफ्यावर बसून ते नानांनाच समजावत होते, "मामा, व्हायरसपासून काही बंदोबस्त ठेवत चला. आजकाल कोणीही काहीही घालतं." असं म्हणत त्यांनी खिशातून फ्लॉपी काढली.

नाना ताडकन उठले. "हं, थांबा!"

मी मनातल्या मनात समारंभाच्या स्टेजवर चढलेसुद्धा.

"हं, आधी..." नानांनी माझ्याकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, कॉम्प्युटरकडे पाहिलं. "आधी चहा घ्या."

आणि लाल पाटी त्यांनी स्वतःच सोडली.

फ्लॉपी आत गेली. मागून नानांनी माझ्यापुढे तळहात धरला, जिंकलेल्या माणसासारखा नाही, काहीतरी परत मागणाऱ्या माणसासारखा. मी टाळी दिली. समारंभाला सगळे ओरडत होते, "कर ना नानांची नक्कल!" मी तोंड मिटून शेव खात बसले होते.