अक्कांचे इंग्रजी उखाणे

आमच्या शेजारच्या अक्का नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय घेत नसत. आबांना जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण गॅस अजून त्यांच्याच नावावर होता. सिलिंडरवाल्याने दारात येऊन नाव विचारलं, की अक्का पदर सावरत, ताठ उभ्या राहत आणि ओळी जुळवू लागत. खांद्यावर सिलिंडर घेतलेला तो माणूस म्हणे, "अक्का, आधी हे खाली तर ठेवू द्या!"

"ठेव ना मग. नाव काय फुकट घेवानं ऱ्हास का?"

पिंप्राळ्यात आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत होती. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसणारी. एका दुपारी अक्का थेट त्या आतल्या खोलीत आल्या आणि माझ्या पलंगावर बसल्या. "पोरी, माले इंग्रजी शिकाड. मनी नातसंगे बोलनं शे."

नात सहा वर्षांची, कॅनडात वाढलेली. नाव गिरणा. अक्कांचं गाव गिरणाकाठचं, म्हणून मुलाने हौसेने ठेवलेलं. अक्कांना ते पटलं नव्हतं. मुलाला त्या भाऊ म्हणत. "मी भाऊले सांगं व्हतं, पोरीले नदीनं नाव ठेवू नको. नद्या मांगे येतस का?"

दर रविवारी सकाळी माझ्या फोनवर व्हिडिओ कॉल यायचा. गिरणाला मराठी येत नव्हतं. "हाय आजी, बाय आजी" एवढं म्हणून ती पळायची, आणि मुलगा बोलत असताना अक्का त्याच्या मागचा रिकामा सोफा बघत राहायच्या.

मी शाळेतल्यासारखी सुरुवात केली. धिस इज अ पेन. अक्का म्हणाल्या, "पेनसंगे माले काय बोलनं शे?" मग प्रत्येक वाक्यात गिरणा आली. गिरणा इज ईटिंग. गिरणा हॅज टू हँड्स. दुसऱ्या वाक्यात नावाऐवजी 'शी' म्हटलं तरी चालतं, असं मी सुचवलं. अक्कांना ते चालेना. "इतकं चांगलं नाव शे. ते का बरं टाकानं?"

थोड्या दिवसांनी त्यांना ही वाक्यंही कोरडी वाटू लागली. नाव घ्यायचं ते साजरं करूनच, ही त्यांची रीत. त्या गच्चीवर ज्वारीच्या बिबड्या वाळत घालता घालता ओरडायच्या, "व्हाइटसारखं आनखी काय शे वं?" आणि वर्गात कधी हात वर न केलेली मी आमच्या गच्चीवरून ओरडायचे, "नाइट! लाइट! काइट!" खालून जाणारे रिक्षावाले मान वर करून बघायचे.

एका रविवारी अक्का ठेवणीतलं लुगडं नेसून माझ्या फोनसमोर बसल्या. गिरणा "बाय आजी" म्हणणार एवढ्यात त्यांनी हात वर केला.

"स्काय इज ब्लू, मिल्क इज व्हाइट,
हिअर इज मॉर्निंग, गिरणा हॅज नाइट!"

गिरणा थांबली. सोफ्यावर चढून बसली. "अगेन, आजी," म्हणाली. अक्कांनी पुन्हा म्हटलं. मग पुन्हा.

पुढच्या रविवारी गिरणाच ओळी जुळवून आली:

"मंकी हॅज अ टेल, डॉग हॅज अ बोन,
आजी इज माय फ्रेंड ऑन द फोन!"

मी अर्थ सांगितला. अक्कांनी पदराने फोनची काच पुसली. मग म्हणाल्या, "लगीनमा हिले कोनी हराई सकाव नई."

मला धुळ्याला नोकरी लागली. आता कॉल अक्कांच्या फोनवर यायचे, पण मधल्या वारी कधीतरी ऑफिसात माझा फोन वाजायचा. "पोरी, रेनसारखं काय शे?" मी तोंडावर हात धरून "ट्रेन, क्रेन" म्हणायचे. शेजारच्या टेबलावरच्या बाई माझ्याकडे काळजीने बघायच्या.

यंदाच्या उन्हाळ्यात अक्का दुपारी झोपल्या, त्या उठल्या नाहीत. भाऊ एकटाच आला. दहावं, तेरावं करून परत गेला.

नंतरच्या रविवारी सकाळी धुळ्यातल्या माझ्या खोलीत फोन वाजला. समोर गिरणा. तिथे रात्र होती, ती झोपायच्या कपड्यांत होती. इंग्रजीत म्हणाली, "दीदी, आजीचं नाव काय होतं? मला ते घ्यायचंय. आजी माझं घ्यायची तसं."

इतकी वर्षं भिंतीला भिंत, आणि अक्कांचं नाव मला माहीत नव्हतं. गल्लीत कुणालाच माहीत नसावं. ते घेणारं कुणी उरलंच नव्हतं.

तिने मागे वळून बाबांना विचारलं. भाऊचा आवाज आला, "द्वारका."

"द्वारका," गिरणा म्हणाली. दोनदा, हळू. "दीदी, पहिली ओळ तू सांग."

इंग्रजीत शिकलेली मी. एक शब्द सुचेना. डोळे भरून आले, ते तिला दिसू नयेत म्हणून मी फोन जरा वर धरला. ती आता जाईल, असं वाटलं. लहान पोर, झोपेची वेळ.

"आय विल वेट," ती म्हणाली, आणि सोफ्यावर पाय वर घेऊन बसली.