बठ्ठा चढनात का?

परदेशातून आणलेली चॉकलेटं चार दिवसांत संपली, नानांचे किस्से मात्र साठतच गेले. जळगावला आमच्याकडे कुणी चहाला आलं की एक तरी निघतोच!

नाना म्हणजे माझे यजमान. मूळचे धुळ्याकडचे, बोली अहिराणी, तीस वर्षं एसटीत कंडक्टर. लेक म्युनिकला असते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिला येता येईना. मग माहेरच तिकडे गेलं! "आई, त्या वेळी तू जवळ हवीस," एवढंच तिचं मागणं. मी शब्द दिला होता.

*

पहिल्याच दिवशी आम्ही दोघं ट्रॅममध्ये बसलो. मी विचारलं, "तिकिटाचं काय?"

"कंडक्टर येई ना!" नाना निवांत.

आला तो थेट तपासनीस! नानांनी खिशातून एसटीचं जुनं ओळखपत्र काढलं आणि रुबाबात म्हणाले, "स्टाफ!"

दंडाची पावती मिळाली. ती उलटसुलट बघून म्हणाले, "छपाई चांगली शे."

*

उतरायचं असलं की तिथे लाल बटण दाबायचं. पण एसटीत एक घंटी म्हणजे थांबा आणि दोन म्हणजे चला! थांब्यावर लोक चढले की नाना मागे वळून विचारायचे, "बठ्ठा चढनात का?" म्हणजे सगळे चढले का, आणि बटण दोनदा दाबायचे. पुढच्या थांब्यावर दारं उघडायची, उतरायचं मात्र कुणीच नसायचं. ड्रायव्हर आरशातून डोळे वटारायचा. शेवटी जावयांनी हात जोडले, तेव्हा कुठे ते बंद झालं.

*

त्या दिवशी जावई लेकीला घेऊन सकाळीच दवाखान्यात गेले. दहा वाजता त्यांचा फोन आला, "आई, लगेच निघा!"

वाटेत ट्रॅम बदलायची होती. दुसरी आली, मी चढले. नाना खालीच. एका आजींना हात दिला, एकीची बाबागाडी वर चढवली. कंडक्टर शेवटी चढणार ना! तेवढ्यात त्यांच्या तोंडावर दार बंद झालं आणि ट्रॅम सुटली.

त्यांच्याकडे फोन नाही, तिथली भाषा येत नाही. काचेतून हाताने खूण करत होते, तू जा. पुढच्या थांब्यावर उतरू? परत जाऊ? तिकडे लेक वाट बघतेय! नाना नेहमी सांगायचे, "चुकामूक झाली तर जागा सोडायची नाही." त्याच भरवशावर मी पुढे गेले. लेकीने माझा हात असा काही धरला की बोटं दुखली. पण डोळ्यांपुढे तो थांबाच होता.

बाळाचं रडणं ऐकलं आणि उलट्या पावली निघाले.

तीन तास झाले होते. थंडीने काळे-निळे पडलेले नाना त्याच खांबाजवळ उभे! मला रडूच फुटलं. म्हटलं, "अहो, नात झाली!"

त्यांनी मफलरने डोळे पुसले. ट्रॅम आली. या वेळी मी दारातच पाय रोवून उभी राहिले. सगळे चढले, मग नाना चढले. डब्यात एकदा नजर फिरवली.

"बठ्ठा चढनात," म्हणाले, आणि लाल बटण दोनदा दाबलं.